गेटवरची पडकई

एका मोठ्या ऊर्जा कंपनीच्या एचआरमध्ये मी चाळिशी उलटल्यावर लागले. गाव पारगावकडचं, उसाचं. नेमणूक मिळाली तळेघरच्या वरच्या अंगाला, प्रकल्पाच्या साइटवर. आधी प्रोबेशन. साहेबांनी पहिल्याच दिवशी बजावलं, "लोकल म्हणून घेतलंय तुम्हाला. माणसं सांभाळा, नाहीतर कन्फर्म होणार नाही." साइटवरच्या गावकरी माणसांनीही त्याच दिवशी बजावलं, "खालच्या बागायतदारीण तुमी. आमचं काय कळनार तुमाला?"

भाताच्या लावणीत एकदा साहेबांनी गेटवर गाडी थांबवली आणि गार्डच्या गळ्यातलं कार्ड पाहिलं.

"फोटोत मिशा आहेत. तुझ्या कुठायत?"

"मिशावाला लावणीला गेलाय, सायेब. त्याचा युनिफारम मी घातला. गेट उघडलं ना टायमात?"

तिकडे पडकई चालते. आज सगळे माझ्या खाचरात, उद्या सगळे तुझ्या. काम अडू द्यायचं नाही. तोच नियम त्यांनी आमच्या गेटलाही लावला होता. साहेबांच्या लेखी ही फसवणूक. "त्या मिशावाल्याला काढा. पत्र तुमच्या सहीनं जाऊ द्या."

मी म्हटलं, "बदली माणसांना रीतसर घेऊ, ट्रेनिंग देऊ, कार्ड देऊ. एकाला काढलंत तर बाकीचेही यायचे नाहीत."

"तुमच्या माणसांची वकिली नको."

"माझी? ती मला पाणीसुद्धा विचारत नाहीत."

मी सही केली नाही. साहेबांनी स्वतः केली आणि पत्र पोचवायला मलाच धाडलं. मिशावाला चिखलातून बांधावर आला. पत्र वाचून त्यानं घडी केली, टोपीत खोचली. लावणीच्या रांगेतून एक बाई ओरडली, "सायबाचा सांगावा घिऊन आली, जोडे तरी काढ की बांधावर!" मी जोडे न काढताच परतले.

दुसऱ्या दिवशी गेटला कुलूप. किल्ली गार्डांकडे, गार्ड सगळे खाचरात. साहेबांची गाडी बाहेर, तिच्यामागे सिमेंटचे ट्रक. हॉर्न वाजवून थकल्यावर त्यांनी काच खाली केली. "करा तुमची ती बदलीची भानगड."

मिशावाला कामावर परत आला, बदलीवाल्यांना कार्डं मिळाली. मला मिळालं प्रोबेशन वाढवल्याचं पत्र. शेरा होता : वरिष्ठांचं ऐकत नाहीत.

ते पर्समध्ये कोंबून जेवायला बाहेर पडले. परत येते तर गेटवर मिशावाला आडवा.

"कार्ड?"

"ओळखत नाही का मला, भाऊ?"

"लई वळखतो. म्हनून तर इचारतोय."

गेटच्या केबिनमधले दोघे गार्ड हसले. आत पाऊल टाकण्याआधी मला पर्समधलं सगळं सामान एकेक करून काढावं लागलं. कार्ड तळाशी सापडेपर्यंत त्यानं गेटचा दांडा उचलला नाही.