मागच्या दाराशी रचलेले तागे

कबनूरच्या एका यंत्रमाग शेडवर मी दिवाणजी होतो. कामगार आणि माल, दोन्हींवर देखरेख माझीच. त्या मे महिन्यात माल उचलला जात नव्हता, म्हणून कापडाचे तागे मी मागच्या दाराशी रचायला लावले. एक विणकर म्हणाला, "दिवाणजी, दार बंद झालं की ओ!"

"दोन दिवसांचा प्रश्न हाय," मी म्हणालो. त्याला पंधरा दिवस झाले.

एका दुपारी पुढच्या दाराजवळच्या स्विचबोर्डात फटकन आवाज झाला. ठिणगी पडली आणि पत्र्याखाली साचलेल्या सुताच्या धुळीवरून जाळ सरसर धावत सुटला. त्याच विणकरानं पाण्याची बादली उचलली.

"पाणी नगं! आधी भाईरचा मेन स्विच पाड!" मी त्याला बाहेर ढकललं.

माग एकदम थांबले. मी भिंतीवरचं आग विझवायचं नळकांडं काढलं, पिन ओढली. नुसतं फुसफुसलं. ते पुन्हा भरून घ्यायचं माझ्याकडंच होतं. तोवर पुढचं दार जाळानं अडलं होतं.

आम्ही तागे ओढू लागलो. एकेक तागा ओला असल्यासारखा जड. मागं कुणीतरी खोकत रडत होतं. शेवटी दार हातभर उघडलं आणि एकेक जण आडवा होऊन बाहेर पडला.

बाहेर मी माणसं मोजली. एक कमी. पुन्हा मोजली.

"कांडीवाली मावशी कुठाय?"

मागांवर लागणाऱ्या सुताच्या कांड्या ती आतल्या खोलीत भरायची. वर्षानुवर्षांच्या खडखडाटानं तिला ऐकू कमी यायचं. ओला टॉवेल तोंडाला बांधून मी वाकत आत गेलो. धूर अजून तिथवर पोचला नव्हता. बंद मशीनवर हात ठेवून, भिंतीकडं तोंड करून ती बसली होती.

"लाईट गेली न्हवं?" तिनं विचारलं.

मी तिचा हात धरून ओढत सुटलो.

बंब आला तोवर निम्मे माग जळाले होते. माणसं सगळी वाचली. बंबावरच्या साहेबांनी विचारलं, "हे दार कुणी अडवलं होतं?" बातमी कळून धावत आलेल्या मालकांनी माझ्याकडं बघून मान हलवली, गप्प राहा म्हणून.

"मी," मी म्हणालो.

मावशी शेजारीच जमिनीवर बसली होती. मी मोठ्यानं बोललो होतो, तिला ऐकू गेलं.

"बोलला ते बरं केलं," ती म्हणाली. "पर आमी आत ऱ्हायलो असतो, तर?"

मी गळ्यातला ओला टॉवेल पुन्हा तोंडावर ओढला. कुणी आगीचा विषय काढला की धुरानं घसा बसलाय, असं मी नंतर आठवडाभर सगळ्यांना सांगत राहिलो.