चार मार्च की तीन एप्रिल

मी सॉफ्टवेअरच्या मदतपुस्तिका लिहिते. आज एका नमुन्यात '०४/०३' ही तारीख दिसली आणि तुळजापूरच्या त्या लॉजचा काउंटर आठवला.

लेक तान्ही होती. तिला देवीच्या पायावर घालायला आम्ही सोलापूरहून आलो होतो. चार मार्चची खोली मी वेबसाइटवर बुक केली होती. मॅनेजर स्क्रीनकडं बघत म्हणाले, "ताई, तुमची खोली तीन एप्रिलला हाय. ह्यात महिना आधी टाकायचा असतो. आज मंगळवार, एक बी खोली रिकामी न्हाय."

लेक रडून लाल झाली होती आणि मी त्या वेबसाइटवरच्या रागानं.

तेवढ्यात मागच्या घरातून त्यांच्या पत्नी, आक्का, पिठाच्या हातांनी बाहेर आल्या. "तारखेचं मागनं बघा. लेकरू आत आणा." त्यांनी जुन्या लुगड्याची झोळी बांधली. गरम भाकरीच्या वासात लेक झोपली, तिच्याशेजारी मीही.

आता मी महिना अक्षरात लिहायचा आग्रह धरते. त्या घोळावर मात्र राग उरलेला नाही. कारण तीन एप्रिलला सकाळीच मॅनेजरांचा फोन आला, "ताई, खोली ठेवलीय. येताय नव्हं?"

आम्ही गेलो. खोली उघडावी लागलीच नाही. आक्कांनी झोळी आधीच बांधून ठेवली होती.