अक्कानं वाचलेला शेवट

महानंदाअक्का गेली, हे रेणापूरहून तिच्या लेकीचा फोन आला तेव्हा कळलं. "मावशी, आई गेली," एवढंच ती म्हणाली. मी "बरं" म्हणून फोन ठेवला... वेळेवर शब्द न सुचण्याची माझी खोड जुनीच.

लातूर नवा जिल्हा झालं, त्या सुमाराचा दुष्काळ. आम्ही शेजारणी. टँकरसाठी घागरी रांगेत लावायच्या आणि सावलीला बसायचं. तिथं अक्का एक जुनी प्रेमाची कादंबरी मोठ्यानं वाचायची. मी चौथी शिकलेली, जोडाक्षराला अडणारी, ऐकत बसायची. आदल्याच वर्षी माझी थोरली बहीण सासरी विहिरीत गेली होती. बायका कुजबुजायच्या, अक्कानं मात्र कधी विषय काढला नाही. कादंबरी संपायच्या दिवशी तिनं वाचलं, "मग ती लातूरच्या बशीत बसली अन् धाकट्या बहिणीकडं गेली."

"पुस्तकात आपलं लातूर?" मी विचारलं.

"जिल्हा झालंय आता. पुस्तकात येणारच की!"

मला ते खरं वाटलं. मी पुस्तक मागितलं. "सोमवारी देते," म्हणाली.

रविवारी संध्याकाळी त्याच कादंबरीचा सिनेमा टीव्हीवर लागला. गल्लीत टीव्ही एकच, किराणा दुकानवाल्या काकूंकडं. आम्ही साऱ्या दाटीवाटीनं बसलो. शेवटी ती बाई नदीत उतरली. पाणी गळ्याशी आलं, मग नुसतं पाणीच... साऱ्याजणी माझ्याकडं बघू लागल्या. चारचौघांत मी जन्मात एकदाच मोठ्यानं बोलले, तेही अक्काला. "खोटं वाचलंस तू! मला येडी समजलीस का?"

"हिला वाचता तरी येतंय का न्हाई, कुणाला ठावं," काकू म्हणाल्या. बायका हसल्या. मीही हसले. अक्का "चुकलं गं पोरी" म्हणाली आणि उठून गेली. त्यानंतर रांगेत पुस्तक आलं नाही. तिनं असं का केलं, ते मला चार दिवसांतच उमगलं होतं. मी तिच्या दारापर्यंत जायची आणि माघारी फिरायची. मग ते लोक रेणापूरला गेले.

लेकीच्या त्या फोननंतर महिन्याभरानं अक्काच्या घरी गेले, तर लेकीनं पेटीतून ते पुस्तक काढून दिलं. आत चिठ्ठीवर माझं नाव. शेवटची पानं गोधडीच्या निळ्या दोऱ्यानं शिवलेली, बारीक, घट्ट टाके. सोमवारी मला द्यायचं होतं, म्हणून.

आता दुपारी बोट ठेवून वाचते. परवा टाक्यांपाशी पोचले. कात्री जवळच होती. पुस्तक मिटलं आणि रिकाम्या घरात मोठ्यानं म्हटलं, "मग ती लातूरच्या बशीत बसली अन् धाकट्या बहिणीकडं गेली."