हात कानाला लागला की

आई गेल्यावर आबांना जळगावला आणायला मला दीड वर्ष लागलं. सोनगीरचं दोन खोल्यांचं घर, दारातला कडुनिंब आणि सकाळी ओट्यावर जमणारी चार म्हातारी माणसं सोडून ते यायला तयार नव्हते. शेवटी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, डोळ्यांत थेंब टाकायला कुणीतरी हवं, या निमित्ताने आले. आले ते पाहुण्यासारखे. पिशवी पलंगाखाली आणि कपडे पिशवीतच. मी कपाटातला एक कप्पा त्यांच्यासाठी रिकामा करून दिला होता, तो रिकामाच राहिला. कामावरून घरी आले की मी चपला काढायच्या आधी वाकून पलंगाखाली बघायची, पिशवी आहे ना म्हणून. आबांनी राहावं, एवढंच मला त्या वर्षी हवं होतं.

आबा खेड्यावर प्राथमिक शिक्षक होते. आयुष्यभर खणखणीत आवाजात पाढे म्हणून घेणारा माणूस, पण आई गेली आणि बोलणं तिच्याबरोबर गेलं. विचारलं तर उत्तर द्यायचं, नाहीतर पेपर उघडून बसायचं. नवरा पुण्याकडे कंपनीत, पंधरा दिवसांनी येणार. मी दिवसभर बाहेर. घरात आबा आणि माझी बारा वर्षांची मुलगी. तिला बोलायला कुणी हवं होतं आणि यांना बोलायचं नव्हतं.

एप्रिलमध्ये शाळा सकाळच्या झाल्या आणि काहीतरी बदललं. जेवताना दोघं एकमेकांकडे बघून हसायला लागली. आबा भाकरी कुस्करता कुस्करता विचारायचे, आज किती हजर? ती म्हणायची, अकरा. मग आबा खूश होऊन आणखी अर्धी भाकर मागून घ्यायचे. मला वाटलं, नातीच्या वर्गाची चौकशी चालली आहे. मास्तरकी अशी कुठे सुटते. मी मनातल्या मनात देवाचे आभार मानले आणि जास्त खोलात गेले नाही.

मी एका शाळेच्या ऑफिसात लिपिक आहे. एप्रिल-मे म्हणजे प्रवेशाचे दिवस. माझ्या टेबलावर जन्माचे दाखले येतात आणि मी तारखा मोजते. पंधरा दिवस कमी भरले तर पोराला कडेवर घेऊन आलेल्या आईला मी परत पाठवते. त्या विनवण्या करतात, मी म्हणते, ताई, कॉम्प्युटरच घेत नाही हो. ते खरंही असतं. पण ते सांगताना मला वाईट वाटायचं कधीच बंद झालं होतं, हेही खरं. माझा स्वभाव तापट आणि नियमाला धरून चालणारा. घरात हे सगळ्यांना पाठ आहे.

एका दुपारी प्रवेशाची वेबसाइट बंद पडली आणि मी बाराच्या ठोक्याला घरी आले. बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. घरात कूलर घरघरत होता, त्यामुळे दार उघडल्याचं कुणाला कळलं नाही. हॉलमध्ये कॉम्प्युटरपुढे दोघं खुर्च्या चिकटवून बसली होती. पडद्यावर एक उद्ध्वस्त शहर होतं, एक माणूस भिंतीला टेकून बसला होता आणि त्याच्या पोटातून रक्त येत होतं. खोटं होतं, चित्रातलं होतं, पण इतकं खऱ्यासारखं की माझ्या हातातला डबा खाली पडला. माझ्या मुलीच्या हातात बंदूक होती, म्हणजे त्या पडद्यावरच्या हातात. आणि माझे वडील, ज्यांनी घरात कधी झुरळ मारलं नाही, ते चष्मा वर सरकवून तल्लीन होऊन बघत होते.

मी माऊस हिसकावून घेतला. खेळ कुठला, कुणी टाकला, सगळं बघितलं. फुकटचा होता. त्याच्या पहिल्याच पानावर ठळक लिहिलेलं होतं, फक्त अठरा वर्षांवरच्यांसाठी, आणि खाली कारणं: हिंसा, रक्त. मग खातं उघडलं. खेळणाऱ्याची जन्मतारीख एक जून आणि वय अठ्ठ्याहत्तर.

मुलीने सगळं सरळ सांगितलं. खोटं बोलायची तिला सवय नाही, हेच त्यातलं अवघड. तिने आधी स्वतःची तारीख घातली होती, खेळाने घेतलं नाही. शेजारी पेपर वाचत बसलेल्या आबांनी विचारलं, काय म्हणतो तो? ती म्हणाली, मी लहान आहे म्हणतो. आबांनी पेपर खाली ठेवला. कित्येक वर्षांनी कुणीतरी दाराबाहेर थांबवलेलं पोर त्यांच्यासमोर उभं होतं. त्यांनी तिला म्हटलं, उजवा हात डोक्यावरून घे, डाव्या कानाला लाव. लागला. पास, म्हणाले, माझी तारीख टाक.

ज्यांना ही कानाची परीक्षा माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे पूर्वी पोरांचे दाखले नसत. आयांना विचारलं तर पोळ्याच्या आसपासचा, नाहीतर विहीर ढासळली त्या साली झाला, अशी उत्तरं. मग मास्तर पोराला हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला लावायला सांगायचे. लागला म्हणजे सहा पूर्ण. रजिस्टरात तारीख पडायची एक जून, म्हणजे जूनमध्ये शाळा उघडताना वय बरोबर भरतं. आबांची स्वतःची एक जून त्यांच्या मास्तरांनी तशीच लावलेली, आणि आबांनी पुढे अर्ध्या गावाला तीच वाटली. आजही त्या गावात एक जूनला निम्म्या लोकांचे वाढदिवस असतात आणि कुणीच केक कापत नाही.

पण त्या दुपारी हे कौतुकाचं वाटायच्या मनःस्थितीत मी नव्हते. मी आबांना नको नको ते बोलले. ही शाळा नाही, म्हटलं, अक्षरओळख नाही ही, माणसं मारायला शिकवतात इथे. नियम काय उगाच केले आहेत का? माझं संपल्यावर आबा हळूच आमच्या अहिराणीत म्हणाले, "दार मी उघडी दिधं, ते खरं. पन मी बी वर्गमाच बशेल व्हतू."

मला त्याचा अर्थ त्या वेळी कळला नाही, किंवा रागात कळून घ्यायचा नव्हता. मी म्हणाले, "तुमच्या भरवशावर पोर सोडली होती मी."

आबांनी मान हलवली. संध्याकाळी जेवले, अर्धीच भाकर. दुसऱ्या दिवशी मी कामावरून आले, वाकून बघितलं, तर पलंगाखाली पिशवी नव्हती. मुलगी म्हणाली, घराची झाडझूड करून येतो म्हणाले. मला ते पटलं नाही आणि तिलाही पटलं नव्हतं.

बारा दिवस गेले. मी रोज फोन करायची. डोळे बरे आहेत, थेंब शेजारची सून टाकते, तू काळजी करू नको. यापलीकडे आमचं बोलणं जायचं नाही. माफी मागायची तर फोनवर माझी जीभ वळत नव्हती. मुलीने खेळाचं नाव काढलं नाही, कॉम्प्युटरला हात लावला नाही, मी विचारल्याशिवाय माझ्याशी बोललीही नाही. हुबेहूब आबांवर गेली आहे.

रविवारी तिचं टेबल आवरताना मला एक दोनशे पानी वही सापडली. वर आबांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: हजेरीपत्रक. आत रेघा मारून रकाने केलेले. नाव, गाव, घरी कोण, हजर की गैरहजर. मला आधी काहीच उलगडेना. दोन पानं वाचली आणि मी तिथेच फरशीवर बसले.

ती त्या खेळातल्या सैनिकांची हजेरी होती. मुलीला विचारल्यावर मला सगळं समजलं. आबांनी पहिल्याच दिवशी अट घातली होती. गोळी झाडायच्या आधी समोरच्या माणसाची माहिती लिहायची. नाव, गाव नसेल तर तिने ठरवायचं. ती बंदूक रोखायची आणि आबा शेजारून विचारायचे, "त्याना घर कोन कोन शे?" मग खेळ थांबवून वही उघडायची. एक होता नशिराबादचा, घरी आई आणि दोन म्हशी. एक चाळीसगावचा, रोज रेल्वेने कामाला जाणारा, घरी जुळ्या मुली. पहिल्या चार पानांवर सगळे गैरहजर होते. पाचव्यापासून मधे मधे हजर दिसायला लागले. पुढे पानंच्या पानं हजर. एवढी माहिती लिहिल्यावर गोळी झाडायची तिला इच्छा राहत नव्हती. शेवटी शेवटी दोघं त्या शहरात नुसती हिंडायची, पडक्या घरांतली भांडी बघायची, एका घोड्याला पाणी पाजायची. मी आत आले त्या दिवशीचा तो रक्तबंबाळ माणूस तिने मारलेला नव्हता. तिला तो तसाच सापडला होता आणि आबा त्याचं गाव विचारत होते.

सगळंच काही गोड नव्हतं. एका पानावर तिने लिहिलं होतं, इथे खूप वाईट होतं, आबांनी पडद्यावर टॉवेल टाकला, मला रडू आलं. म्हणजे अठराचा आकडा लिहिणारे लोक वेडे नव्हते. मीही अगदीच चुकले नव्हते. पण शेवटच्या पानावरची एक ओळ वाचून माझ्या बरोबर असण्याला काही किंमत उरली नाही. तिच्या अक्षरात होतं: गाव सोनगीर. घरी आबा एकटेच असतात. हजर.

त्याच दुपारी मी कॉम्प्युटरवर बसले. पालकांनी मुलांच्या खेळांवर लक्ष ठेवायची सोय असते, ती सुरू करायची म्हणून. तिची खरी जन्मतारीख घातली, तसा तो खेळ कुलूप लावल्यासारखा बंद झाला. मग त्याने पालकाची जन्मतारीख मागितली. माझी बोटं सवयीने चालली. एक जून.

मी थांबले. माझा खरा जन्म पितृपक्षातला. चार वर्षं पुरी होऊन काही महिने झाले होते तेव्हाची गोष्ट. आबा शाळेत निघाले की मी रस्त्यावर लोळण घ्यायची, मलाही यायचंय म्हणून. एक दिवस त्यांनी मला मोठ्या गुरुजींसमोर उभं केलं. हात वर कर, म्हणाले. माझा हात कानाला लागत नव्हता, बोटभर कमी पडत होता. आबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि ते हलकेच हाताकडे वाकवलं. लागला. मोठ्या गुरुजींनी बघून न बघितल्यासारखं केलं. मग वर्षभर मी पहिल्या ओळीत, आबांच्या पायाशी बसले, डुलकी आली की त्यांच्या धोतराला टेकून झोपले. त्या वाकवलेल्या डोक्यावर माझं शिक्षण झालं, नोकरी लागली, आणि त्याच नोकरीत बसून मी आता पंधरा दिवसांसाठी पोरं परत पाठवते. वर्गमाच बशेल व्हतू, म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. मला खूप लाज वाटली.

पुढच्या रविवारी सकाळी पहिल्या एसटीने आम्ही दोघी निघालो, धुळ्याला गाडी बदलली आणि दहाच्या आत सोनगीरला पोचलो. आबा ओट्यावर बसले होते. आम्हाला बघून उठले, आत जाऊन पाणी घेऊन आले. मी म्हणाले, आबा, मी चुकीचं बोलले. तुमच्याच भरवशावर सोडते, दुसऱ्या कुणाच्या सोडणार? ते म्हणाले, पाणी पी आधी, ऊन लागलं असेल.

मुलीने वही पुढे केली. खेळ बंद झाला, म्हणाली, आईने माझी खरी तारीख टाकली. आता अठरा पूर्ण झाल्यावर उघडेल. आबांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं रागावतील. ते म्हणाले, बरोबर केलं. मी म्हटलं, तुमचं वय बसतं, तुम्ही एकटे खेळू शकता. त्यांनी हात झटकला.

"सहा वर्षं आहेत," मुलगी त्यांना म्हणाली. "तोवर तुम्ही आमच्याकडे थांबायचं. मी एकटी नाही खेळणार ते."

आबा हसले आणि कडुनिंबाकडे बघत बसले. "मनं आते थांबानं वय नही ऱ्हायनं, बेटा."

ती उठून त्यांच्यासमोर उभी राहिली. हात वर करा, म्हणाली, डोक्यावरून. आबांनी आधी ऐकलं न ऐकलं केलं, मग उजवा हात उचलला. खांदा त्यांचा कित्येक वर्षं आखडलेला. हात डोक्यावर आला आणि तिथेच थांबला, डावा कान चांगला चार बोटं लांब राहिला. बघ, नापास, असं काहीतरी ते पुटपुटले. माझ्या मुलीला माझी गोष्ट कुणी सांगितलेली नव्हती. मी तरी नाही. तिने त्यांच्या पांढऱ्या डोक्यावर आपला हात ठेवला आणि ते हलकेच वाकवलं.

"लागला," ती म्हणाली.

आबा बराच वेळ तसेच बसून होते, मान वाकडी, बोटं कानावर. मी तोंड फिरवून कडुनिंबाकडे बघत राहिले, कारण माझे डोळे वाहत होते. मग त्यांचा आवाज आला. "मंग ऱ्हावं लागी."

संध्याकाळी जळगावला पोचल्यावर मी स्वयंपाकाला लागले. कपाट उघडल्याचा आवाज आला म्हणून डोकावले. आबा कप्प्यात धोतरं आणि सदरे एकावर एक लावत होते, वर औषधाची बाटली ठेवत होते. रिकामी पिशवी त्यांनी घडी घालून माझ्या हातात दिली आणि ही कुठे ठेवायची, असं विचारलं.