‘बेकायदा’ ही भर माझी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही, नागपूरहून रोज फोन करून डोकं खाणाऱ्या बहिणीलाही नाही. मग तुम्हालाच का? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. समोरासमोर बोलायची वेळ आली असती तर मी विषय बदलला असता — त्यात मी पटाईत आहे.

अमेरिकेत, मिशिगनमधल्या ट्रॉयमध्ये आमच्या मराठी मंडळाचं बातमीपत्र दर रविवारी सगळ्यांच्या फोनवर जातं. ते मी चालवते. लग्नाआधी नागपूरच्या एका दैनिकात डेस्कवर होते, त्यामुळे इथे माझा जरा रुबाब आहे. काका-काकू मंडळी इंग्रजी बातम्या लावतच नाहीत, ताईंनी लिहिलं की वाचू म्हणतात. मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू — फार आवडायचं.

तर काही वर्षांपूर्वी सिटी हॉलसमोर एक मोर्चा झाला. बंदुकांचे कायदे कडक करू नका, असं म्हणणाऱ्यांचा. टीव्हीवर बघते तर त्यात आमचा प्रसाद. मिरजेचा, गाड्यांच्या कंपनीत इंजिनिअर, मला ताई म्हणणारा, गणपतीत आरतीला सगळ्यात मोठा आवाज लावणारा. हातात फलक आणि कमरेला पिस्तूल, सगळ्यांना दिसेल असं. माझं डोकंच फिरलं. कुणी गोळीबार केला तर म्हणून माझी मुलगी शाळेत बाकाखाली लपायचा सराव करते, आणि हा दीडशहाणा पिस्तूल लावून मिरवतोय?

टीव्हीवाले नुसतं ‘सशस्त्र निदर्शक’ म्हणाले होते. मी लिहिलं, ‘बेकायदा शस्त्रे बाळगून मोर्चा’. वर ठोकून दिलं की असं पिस्तूल लावून मोर्चात येणं मिशिगनमध्ये गुन्हा आहे. तपासलं का? नाही. नागपूरच्या डेस्कवर पिस्तुलाच्या आधी ‘बेकायदा’ आपोआप पडायचं, आणि तिथे ते बहुतेक वेळा खरंही असायचं. हाताची सवय, दुसरं काय — असं मी कितीदा स्वतःला समजावलंय. पण राग होता हो. प्रसादचं नाव मी दिलं नाही, फोटो मात्र दिला. ओळखायचं कोण राहणार होतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी मीनलचा फोन आला. ती मंडळातली वकील. तिने शांतपणे सांगितलं, की इथे स्वतःच्या नावावरचं पिस्तूल उघड दिसेल असं लावून मोर्चात उभं राहता येतं. काही जागा कायद्याने वगळल्यात, पण सिटी हॉलसमोरचा तो फुटपाथ त्यात येत नाही. प्रसादने काहीच गुन्हा केलेला नाही, तेव्हा दुरुस्ती टाक. मी हो म्हटलं. टाकणारच होते — निदान तसं वाटत होतं. पण तोवर बातमी पार कॅलिफोर्नियात, क्युपर्टिनोपर्यंत पोचली होती, आणि लोक मला शाबासकी देत होते.

दुपारी प्रसाद घरी आला. भांडायला आला असणार म्हणून मी तयारीतच दार उघडलं. तो भांडला नाही. चेहरा पांढराफटक पडला होता. “ताई, हे खरंच गुन्ह्यात बसतं का हो?” नागरिकत्वाचा अर्ज भरायला घेतला होता त्याने. त्यात एक प्रश्न असतो — अटक झाली नसली तरी, कधी एखादा गुन्हा केला आहे का? तो नागरिक झाला असता तर आईला कायमचं इकडे आणता आलं असतं. ग्रीन कार्डवर ते जमत नाही. त्याच्या आईला मी मावशी म्हणते; त्या मिरजेत एकट्याच राहायच्या.

नाही रे, माझी चूक झाली. एवढंच म्हणायचं होतं. मी काय म्हटलं? म्हटलं, वकिलाला विचारूनच लिहिलंय. आणि पुढे — हे लिहिताना हात थांबतोय — म्हटलं, आता कुणाला विचारत फिरू नकोस, उगाच नाव पुढे येईल. व्हिसावर वर्षं काढलेल्या माणसाला गप्प करायला एवढं पुरतं, हे मला पक्कं माहीत होतं. आणि मीनलला सांगितलं की प्रसादला मी सगळं नीट समजावलंय. पुढे ती कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला राहायला गेली. दुरुस्ती मी कधीच टाकली नाही.

प्रसाद सरळ माणूस. त्या प्रश्नाला ‘नाही’ लिहिणं त्याला खोटं वाटलं, आणि ‘हो’ लिहायची छाती झाली नाही. त्याने अर्ज भरलाच नाही. पिस्तूल विकून टाकलं. ते ऐकून मला बरं वाटलं होतं, हेही सांगून टाकते.

मावशी दोनदा पाहुण्या म्हणून येऊन गेल्या. माझ्या मुलीच्या डोक्याला तेल लावून द्यायच्या. मग गुडघे गेले आणि प्रवास बंद झाला.

यंदाच्या पाडव्याला मंडळाचं जेवण होतं. मी वाढत होते. प्रसाद म्हणाला, आईला सांगलीच्या वृद्धाश्रमात ठेवून आलो. निघताना तिने बॅगेचा पट्टा धरून ठेवला होता, सोडेचना. मग म्हणाला, “पण ताई, तुम्ही तेव्हा सावध केलंत म्हणून वाचलो. नाहीतर खोटं लिहून बसलो असतो आणि इथून हाकलला गेलो असतो.” त्याने चक्क हात जोडले मला.

तेव्हाही सांगता आलं असतं. अर्ज अजूनही भरता येतो. मावशी अजून आहेत.

मी म्हटलं, “अरे, त्यात काय.” आणि त्याच्या पानात आणखी एक पुरणपोळी वाढली.