बेकरीच्या दारावरची सूचना

इर्बिद शहराच्या नगरपालिकेत अबू हायल तेहतीस वर्षे वजनमापे तपासत होते. बाजारातल्या प्रत्येक तराजूवर त्यांच्या हातचे शिशाचे सील असे. ते तुटलेले दिसले की दुकानदार मित्र असो वा मेहुणा, दंडाची पावती फाटत असे. निवृत्तीनंतरही सवय गेली नाही. भाजी घेताना ते आधी रिकाम्या पारड्याकडे बघत, मग टोमॅटोकडे. लोक मागे हसत. पण लग्नाची मागणी घालायला किंवा भांडण मिटवायला मानाची मंडळी निघाली, की त्यांनाच पुढे बसवत.

अशा भेटीला आमच्याकडे जाहा म्हणतात. यजमान कॉफी ओततो. मुख्य पाहुणा पेला ओठाला न लावता समोर ठेवतो आणि मागणे सांगतो. यजमान 'प्या' म्हणाला की मागणे मान्य झाले. दिलेला शब्द मग फिरत नाही.

त्या हिवाळ्यात दुबईहून रकान नावाचा तरुण परतला. ऑलिव्हच्या बागांच्या भरवशावर तो एक डिजिटल नाणे काढणार होता आणि नाणे निघण्यापूर्वी पैसे भरणाऱ्यांना ते निम्म्या भावात मिळणार होते. पैसे भरलेल्यांच्या फोनवर एक आकडा दिसे आणि तो रोज वाढे. बाग कोणती, कुणाच्या नावावर, असे विचारले की रकान एक हिरवा नकाशा दाखवी.

त्याच महिन्यात वर्तमानपत्रात टायरच्या जाहिरातीखाली सरकारची एक बारीक अक्षरांतली सूचना आली. अशी नाणी विकून लोकांकडून भांडवल गोळा करण्याचा परवाना कोणालाही दिलेला नाही, पैसे बुडाल्यास सरकार जबाबदार नाही, आणि असा प्रकार आढळल्यास रोखे आयोगाच्या कचेरीत लेखी कळवावे. अबू हायल यांनी ती कापली, मोठी छायाप्रत काढली आणि अबू सनदच्या बेकरीच्या दारावर चिकटवली, कारण सकाळी सारी गल्ली रोटीसाठी तिथेच उभी राहते. खाली स्वतःच्या अक्षरात लिहिले: 'आधी परवाना दाखवा.' आठवडाभरात रकानकडची वर्दळ ओसरली.

नंतर हाज नायिफ यांचा फोन आला. गल्लीतले सर्वांत वयस्क, आणि अबू हायल यांचे चाळीस वर्षांचे स्नेही. शुक्रवारी सहा जणांना घेऊन येतो, चांगले काम आहे, एवढेच ते म्हणाले. त्यांच्या पुतण्यासाठी अबू हायल यांच्या मुलीचे, लुबानाचे, नाव कित्येक महिने घेतले जात होते. तेव्हा काम कोणते, हे अबू हायल यांनी विचारले नाही. बैठकीच्या गाद्यांना नवे अभ्रे चढले.

शुक्रवारी मंडळी बसली, कॉफी ओतली गेली. हाज नायिफ यांनी पेला समोर ठेवला आणि बोलण्यासाठी घसा साफ केला. अबू हायल यांना तेवढाही धीर निघाला नाही. मागणे ऐकण्याआधीच ते म्हणाले, "प्या, हाज. ज्यासाठी आलात ते दिलं."

सातही जण प्यायले. मग हाज यांनी मागणे सांगितले. तो कागद दारावरून काढायचा आणि रकानच्या नाण्याविषयी कुणापाशी चकार शब्द काढायचा नाही.

पाहुणे गेल्यावर लुबाना पेले गोळा करायला आली.

"बाबा, मला कुणी मागितलंसुद्धा नाही, आणि तुम्ही देऊन मोकळे झालात."

अस्राच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहराच्या, नमाजानंतर जाऊन अबू हायल यांनी कागद काढला, चार घड्या घालून कोटाच्या खिशात ठेवला.

त्यानंतर त्यांचे घरात लक्ष लागेना. चहा अर्धा टाकून उठत. बाजारात जात आणि काही न घेता परत येत. हात सारखा खिशाकडे जाई. मंगळवारी सकाळी रोटीच्या रांगेत अबू सनदने त्यांना बाजूला घेतले. येत्या गुरुवारी बायकोच्या सोन्याच्या बांगड्या मोडून तो रकानकडे पैसे भरणार होता. बायको आधी तयार नव्हती.

"तुम्ही कागद काढलात हे तिने पाहिलं, तेव्हा ती हो म्हणाली," तो म्हणाला. "म्हणजे आता काळजी नाही ना, अबू हायल?"

अबू हायल यांनी तोंड उघडले आणि मिटले. हातातली गरम रोटी पोळत होती, तरी ती त्यांनी धरूनच ठेवली. अबू सनद हसून म्हणाला, "तुम्ही गप्प बसलात म्हणजे तराजू ठीक आहे," आणि भट्टीकडे वळला.

ते घरी गेलेच नाहीत. तसेच रोटीसकट हाज नायिफ यांच्या दारी गेले. बैठकीत हाज एकटेच होते; त्यांनी स्वतः कॉफी ओतली. अबू हायल यांनी पेला समोर ठेवला.

हाज बघत राहिले. "एकट्याची जाहा? बाकीचे सहा कुठे?"

"मागणं एकट्याचं आहे. माझा शब्द मला परत द्या."

हाज म्हणाले की शब्द म्हणजे काही उसनी कढई नव्हे. मग ते जुन्या गोष्टी बोलू लागले, पावसाचे, गुडघ्यांचे बोलले. पेल्यातली कॉफी निवत चालली. घरातून दोनदा कुणी डोकावून गेले. पाहुणा कॉफी न पिता उठला, तर ती यजमानाची नाचक्की, आणि ते संध्याकाळपर्यंत साऱ्या इर्बिदला कळले असते. अबू हायल यांनी बांगड्यांचे सांगितले, गुरुवारचे सांगितले. हाज यांच्या तसबीहचे मणी बोटांत थांबले.

"माझी हव्वारा गावाकडची जमीन रकानच्या नाण्यात गेली आहे," ते हळू म्हणाले. "परत मागितली तर रकान म्हणतो, नवे लोक आले की देतो. तुझा कागद लागला आणि नवे लोक यायचे थांबले."

"म्हणजे अबू सनदच्या बांगड्यांतून तुमची जमीन सोडवायची."

हाज यांनी मान वर केली नाही. अखेर ते म्हणाले, "पी."

अबू हायल यांचा हात पेल्यापर्यंत गेला आणि थांबला.

"काय दिलंत, ते आधी सांगा."

हाज यांच्या ओठांवर क्षणभर हसू आले. "उशिरा शिकलास. शब्द परत दिला. पण कचेरीत लिहून द्यायला मी येणार नाही. या वयात माझ्या मूर्खपणाचा अर्ज मी लिहायचा?"

"मी लिहितो. सही तुमची."

याला हाज हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. अबू हायल यांनी थंड, कडू कॉफी एका घोटात संपवली आणि चप्पल घालता घालताच खिशातला कागद उलगडला. घड्यांवर तो फाटत आला होता. बेकरीसमोर दुपारची रांग लागली होती, रांग मोडून ते पुढे गेले, आणि अबू सनदला म्हणाले, "चिकटपट्टी आण. आणि बायकोला बोलाव. तिलाच वाचून दाखवतो."