विंडोजचं सोंग

लातुरात गल्लोगल्ली कोचिंग क्लासेस निघाले, त्या वर्षांत माझं आणि शेजाऱ्याचं दुकान भिंतीला भिंत लागून होतं. दोघंही क्लासेसच्या प्रश्नपत्रिका टाइप करून द्यायचो. त्याच्या कॉम्प्युटरवर विंडोज होतं आणि माझ्या कॉम्प्युटरवर लिनक्स, कारण त्यात व्हायरस येत नाही अशी मी गावभर फुशारकी मारली होती.

मग गणिताची चिन्हं टाइप करायचं नवं सॉफ्टवेअर आलं, तेही फक्त विंडोजसाठी. शेजाऱ्यानं सीडी घातली, चहा सांगितला आणि चहा यायच्या आत ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ दाबून मोकळा झाला. मी मात्र लिनक्सवर विंडोजचं सोंग आणणारा वाईन नावाचा प्रोग्राम घेऊन बसलो. इन्स्टॉलर रुसलेल्या वरमाईसारखा वागायला लागला. एक फाइल मागायचा, ती आणून द्यावी तर दुसरीसाठी अडून बसायचा. भिंतीपलीकडे प्रिंटर सुरू झाला की माझ्या पोटात दुखायचं. काही न कळता या बाबाचं सगळं सुरळीत, आणि मी शहाणा इथे झक मारतोय!

शेवटी वाईनच्या सेटिंगमध्ये विंडोजची जुनी आवृत्ती निवडली, तसा इन्स्टॉलर मुकाट पुढे सरकला. सॉफ्टवेअर उघडलं. मी शेजाऱ्याला हाताला धरून आणलं. म्हटलं, आता जळू दे त्याला.

त्यानं वाकून स्क्रीन पाहिला, माझ्या पाठीवर थाप मारली आणि अगदी मनापासून म्हणाला, “लई भारी, राव! डिट्टो माझ्यासारखंच दिसायलंय.”